आई केमोच्या गोळ्या घेतल्याचं दाखवते, पण घेत नाही. काय करू?

रातपाळीवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, महिन्यातले पंधरा दिवस रातपाळी असते. घरात मी, बायको, लहान मुलगी आणि आई. आईचं वय ५४. लग्नाआधीपासून विड्या वळते.

मे महिन्यात तिच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, पण शेजारच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे छोट्या ग्रंथीत, रोग सापडला म्हणून डॉक्टरांनी केमो सांगितली. सलाइनऐवजी गोळ्यांची द्यायची ठरली. कॅपेसिटाबिन ५००, सकाळी तीन आणि रात्री तीन, १४ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस बंद. अशा आठ फेऱ्या. आता चौथी संपत आली आहे.

परवा बायकोने नवरात्राआधीची सफाई काढली. माळ्यावरून पितळेचा डबा खाली घेतला, त्यात जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेल्या गोळ्या निघाल्या. मी मोजल्या, ५३ आहेत. प्रत्येक गोळी वेष्टनासकट चौकोनी कापलेली, कडा एकदम सरळ. ती कात्री मी ओळखतो. विडीची पानं कापायची आईची कात्री आहे ती. मी कामावरून आलो की पाकीट उघडून बघायचो. गोळ्या रोज बरोबर कमी झालेल्या असायच्या, म्हणून मला कधी शंकाच आली नाही.

मी ओरडलो. खूप ओरडलो. ‘मरायचंय का तुला’ असंही तोंडातून गेलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. का घेतल्या नाहीस विचारलं तर म्हणते, ‘विसरले.’ विसरलेला माणूस गोळ्या कापून फडक्यात बांधून ठेवतो का?

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. राहिलेल्या गोळ्या आता पुढे चालू करून भरून काढता येतील का? डॉक्टरांना सांगू का? आईने शपथ घातली आहे की सांगायचं नाही, ते ओरडतील. आणि पुढे तिला गोळ्या घ्यायला कसं लावू? मी पंधरा दिवस रात्री घरात नसतो.

जुळे सोलापूर

दादा, बाजारात सात दिवसांचे खण असलेली गोळ्यांची डबी मिळते, सकाळ-संध्याकाळ वेगळे खण असतात. माझ्या वडिलांना बीपीच्या गोळ्यांसाठी आणली, मोबाइलला गजर लावून दिला. खूप फरक पडला. रात्री तुम्ही नसताना वहिनींनी समोर बसून गोळ्या द्याव्यात. आईंना लवकर बरं वाटू दे.

औषधांच्या दुकानातून

मी गेली १९ वर्षं औषधांच्या दुकानात आहे, सिव्हिलकडच्या भागात. पेशंटचे कागद माझ्यापुढे नाहीत, म्हणून डोस किती असावा यावर काही बोलणार नाही. बाकीचं सांगतो.

पहिलं आणि तातडीचं. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत. एकदा चुकली की ती गेली, पुढची आपल्या वेळेला, नेहमीइतकीच. दोन वेळच्या एकत्र कधीही नाही. ७ दिवसांच्या सुट्टीत जास्तीच्या घेऊ द्यायच्या नाहीत, ती सुट्टी शरीराला सावरायला दिलेली असते. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी लगेच दुसरी नाही. त्या ५३ गोळ्या दवाखान्यात घेऊन जा. कचऱ्यात टाकू नका, मोरीत सोडू नका. तुमची मुलगी लहान आहे, तोवर तिच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा.

दुसरं, डॉक्टरांना सांगायचंच. पुढच्या वेळी ते स्कॅन आणि रक्त बघतील आणि समजतील की आईंनी चारही फेऱ्या पूर्ण घेतल्यात. त्यावर ते पुढचा निर्णय घेतील, आणि तो चुकीच्या माहितीवर घेतलेला असेल.

लोकांना वाटतं की गोळी म्हणजे हलकी केमो, खरी केमो सलाइनमधून जाते. तसं नाही. कॅपेसिटाबिन शरीरात गेली की तिचं ५-एफयू नावाचं केमोचं औषध तयार होतं, जे सलाइनमधून देतात तेच. म्हणून ही गोळी जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर घ्यायची, दोन वेळांत साधारण बारा तासांचं अंतर ठेवायचं. चुरायची नाही, तोडायची नाही. दुसऱ्याने हाताळली तर हात धुवायचे. गरोदर बाईने तर तिला हातच लावू नये. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात काय उकाडा असतो तो तुम्हाला माहीत आहे, तेव्हा पत्र्याखालच्या फळीवर हे औषध ठेवू नका, खालच्या कपाटात ठेवा.

जुलाब लागले, नेहमीपेक्षा दिवसात चार वेळा जास्त जावं लागलं, तोंड आलं, उलट्या थांबेनात किंवा ताप आला, तर पुढची गोळी घेण्याआधी दवाखान्यात फोन करायचा. ‘कोर्स मोडायचा नाही’ म्हणून रेटत राहायचं नाही. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. फॉलिक ॲसिड असलेल्या ताकदीच्या गोळ्या परस्पर देऊ नका, त्यांनी या औषधाचा त्रास वाढतो. हे मी हात जोडून सांगतो, कारण आजारी माणसाला ताकदीची गोळी आणून देणारं कुणीतरी घराघरात असतं.

आणि एक विचारतो. आईंचे तळहात आणि तळपाय बघितलेत का? या गोळीने ते लाल होतात, चुरचुरतात, सुजतात, कातडी सोलून निघते. काहींना चहाचा कप धरवत नाही. दवाखान्यात त्याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात.

बाळीवेस

बाळा, तुझा मजकूर वाचला आणि रात्री झोप लागली नाही. म्हणून पहाटे उठून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. माझ्या मिस्टरांना २०१५ साली सीएमएल निघाला, रक्ताचा कॅन्सर. तेव्हापासून रोज इमॅटिनिब ४०० ची एक गोळी, जेवणाबरोबर, मोठा तांब्याभर पाणी पिऊन. या गोळीच्या मूळ कंपनीचं पेटंट सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला नाकारलं, आपल्याकडच्या कंपन्यांच्या गोळ्या चालू राहिल्या, म्हणून आमच्यासारख्यांना हे औषध घेता येतं. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची. मी त्या निकालाची तारीख विसरत नाही.

तर आमच्याकडे काय झालं ते सांगते. पहिली तीन वर्षं उत्तम गेली. दर तीन महिन्यांनी पीसीआर, म्हणजे रक्तात रोग किती उरला ते बघणारी तपासणी, आकडा खाली खाली. मग २०१८ च्या मार्चमध्ये तो एकदम वर आला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? हे म्हणाले, नाही. मीही छातीठोकपणे म्हणाले, नाही. मी स्वतः रोज ताटाशेजारी गोळी ठेवत होते की!

घरी आल्यावर मी कपाट, खिसे, देव्हारा, सगळं शोधलं. काही सापडलं नाही. शेवटी मीच रडायला लागले तेव्हा ते बोलले.

तू सोलापूरचाच आहेस, तुला गड्ड्याची यात्रा सांगायला नको. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, त्या उंच जड काठ्या, निघतात, त्याआधी कितीतरी दिवस रात्री सराव चालतो. आमचे हे वयाच्या अठराव्या वर्षापासून नंदीध्वज पेलतात. त्या वर्षी सरावाला त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. इमॅटिनिबने तसे येतात. रात्री दोनला उठून भिंतीला पाय लावून उभे राहायचे, मला वाटायचं दमणूक आहे. एकदा सरावात पाय असा आखडला की काठी दुसऱ्याने धरली म्हणून निभावलं. त्यांनी ते मला सांगितलं नाही. गोळी बंद केली. रोज ताटाशेजारची गोळी उचलायचे, तांब्या घेऊन गॅलरीत जायचे आणि खाली टाकून द्यायचे. डिसेंबरच्या मध्यापासून यात्रा संपेपर्यंत, आणि मग ‘बरं वाटतंय’ म्हणून आणखी दोन आठवडे.

मला राग आला नाही असं नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. पण नंतर विचार केला. या माणसाला मरणाची भीती नव्हती का? होती. पण बाराबंदी घालून त्या काठीखाली उभं राहता येणार नाही ही भीती त्याहून मोठी होती, आणि ती त्यांना कुणापुढे बोलून दाखवता येत नव्हती. डॉक्टरांपुढे तर नाहीच. पीसीआरचा कागद हातात असलेल्या माणसाला ‘मला नंदीध्वज पेलायचाय’ असं कसं सांगायचं?

पुढच्या वेळी मी तेच सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, चिडले नाहीत. म्हणाले, गोळे येतात हे मला सांगा की, त्यावर इलाज आहे. रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बघितलं, औषध दिलं, गोळी दुपारऐवजी रात्रीच्या जेवणाबरोबर केली. आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात याच आजाराच्या ८७ पेशंटांना झाकणात चिप असलेली गोळ्यांची बाटली दिली होती, झाकण कधी उघडलं ते त्यात नोंदलं जायचं. २०१० साली ते छापून आलं. शंभरातल्या नव्वदहून जास्त गोळ्या घेणारे आणि त्याखालचे, यांच्या तपासण्यांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. आमच्या डॉक्टरांनी ते यांच्यासाठी सोपं करून सांगितलं: महिन्यात तीन चुकल्या तर काठावर, चौथी चुकवू नका. हा हिशेब यांच्या गोळीचा आहे, तुझ्या आईच्या गोळीला लावू नकोस. पण त्या दिवशी माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा कुणीतरी ‘घ्याच’ असं नुसतं न सांगता का घ्यायची ते सांगितलं.

आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज रात्री ते स्वतः टीक करतात. मी गोळी हातात देत नाही, तीही त्यांची तेच काढतात. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन घेतात, रिकाम्या पोटी घेतली की उलटी होते. नंदीध्वज अजून पेलतात, थोडं अंतर, मग तरुण पोरांकडे देतात.

आता तुझ्या आईचं. वर औषधांच्या दुकानातल्या भाऊंनी हातांचं विचारलं आहे, ते परत वाच. बाळा, ती विड्या वळते. दिवसभर ओलं पान, कात्री, तंबाखू, दोरा. त्या हातांची कातडी निघत असेल तर ती काय करेल, याचा विचार कर. मला खात्री नाही, पण माझ्या डोळ्यांपुढे सारखे तिचे हातच येत आहेत.

डबी आणि गजर चांगले आहेत, विसरणाऱ्याला लागतात. तुझी आई विसरलेली नाही हे तू स्वतःच लिहिलं आहेस. सुनेला समोर बसवून गोळ्या द्यायला लावू नकोस एवढ्यात, त्या दोघींत वाकडं येईल. आधी जे बोललास त्याची माफी माग. मग ती कामाला बसली की शेजारी बस. ‘का घेतली नाहीस’ असं पुन्हा विचारू नकोस. ‘घेतल्यावर काय होतं गं’ असं विचार, आणि गप्प बस. आणि शपथेचं म्हणशील तर तिच्या पाठीमागे डॉक्टरांना फोन करू नकोस. तिला घेऊन जा, तिच्यासमोर सांग, किंवा तिलाच सांगू दे.

बार्शीची लेक

बाळीवेसच्या काकूंनी लिहिलं ते अगदी खरं. माझ्या आईला स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल चालू आहे, रोज एक, पाच वर्षं सांगितली आहे. आम्ही बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात दाखवतो. दुसऱ्या वर्षी तिने दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती. कारण काय, तर सकाळी बोटं आखडायची आणि भाकरी थापता यायची नाही. भाकरी सुनेने केली तर तिला चालत नाही. सांध्यांचा त्रास या गोळीने होतो हे तिला माहीतच नव्हतं, तिला वाटलं म्हातारपण आलं. सांगितल्यावर इलाज झाला.

पैशांची अडचण असेल तर तेही मोकळेपणाने विचारा. पैसे पुरवायला गोळ्या पुरवून पुरवून खाणारी माणसं मी रांगेत बघितली आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

रातपाळीवाला

नऊ दिवसांनी लिहितो आहे, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. काकू, तुमचं तर दोनदा.

रविवारी सुट्टी होती. आई दाराशी सूप मांडीवर घेऊन बसली होती, मी शेजारी बसलो. आधी माफी मागितली. ती काही बोलली नाही. मी ओल्या गोणपाटातली पानं एकेक काढून तिच्यापुढे ठेवत राहिलो, लहानपणी ठेवायचो तशी. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मग विचारलं, गोळी घेतली की काय होतं गं?

तिने कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हात उलटे करून माझ्यापुढे धरले.

मी रोज त्या हातचं जेवतो आणि मी ते बघितले नव्हते. बोटांची पेरं कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली, खाली गुलाबी मांस. अंगठ्याच्या बाजूला चीर, तिच्यात तंबाखूची काळी रेघ. विडीचं तोंड दुमडताना तिथेच जोर लागतो. म्हणाली, ‘तंबाखू आत गेली की आग होते बघ. पहिल्या फेरीत घेतल्या सगळ्या. हजार विड्यांच्या जागी पाचशे व्हायला लागल्या, त्यातल्याही वाकड्या म्हणून काढून टाकल्या. तुझा हप्ता, पोरीची फी. मग एक वेळच्या घेतल्या, एक वेळच्या ठेवल्या.’ टाकून का दिल्या नाहीस विचारलं, तर म्हणाली, ‘एवढ्या महागाच्या, टाकू कशा? काम उरकलं की नंतर घेणार होते.’

आणखी एक निघालं, जे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. ऑगस्टमध्ये ती रेशनला गेली तेव्हा मशीनवर अंगठा उमटलाच नाही. तीनदा लावला, दुसरं बोट लावलं, नाही. मागे रांग, लोक बोलायला लागले. पिशवी रिकामी घेऊन परत आली आणि घरात सांगितलं की माल आला नाही. तिला वाटलं, अंगठा गेला म्हणजे रेशन गेलं, बँक गेली, आपण कागदावरूनच गेलो. गोळ्या कमी केल्यावर रेघा परत येतील असं तिला वाटत होतं.

मंगळवारी दवाखान्यात गेलो. आईने स्वतः सांगितलं, मी फक्त ५३ गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली. डॉक्टर ओरडले नाहीत. हात बघितले, पाय बघितले. म्हणाले, हे पहिल्याच फेरीत माझ्यापर्यंत यायला हवं होतं. सध्या गोळी पूर्ण बंद केली आहे, कातडी भरली की कमी मात्रेवर सुरू करणार, सकाळी दोन आणि रात्री तीन. आईने विचारलं, कमी घेतल्या तर रोग परत येईल का? ते म्हणाले, त्रास बघून मात्रा कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे, पण कमी किती करायची ते मी ठरवणार, माळ्यावरचा डबा नाही. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. बोटांच्या ठशांचंही विचारलं. या औषधाने ठसे पुसट होतात हे त्यांना माहीत होतं, उपचार संपल्यावर बहुतेकांचे परत येतात म्हणाले. तोवर रेशनला बायको जाईल, कार्डावर तिचं नाव आहे, तिचा अंगठा चालतो.

लावायला युरिया असलेलं मलम दिलं आहे. गरम पाण्यात हात घालायचा नाही, घट्ट चप्पल नाही, आणि विड्या काही आठवडे बंद. यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी असं ठरलं की ती पानं कापणारसुद्धा नाही, बायको जमेल तेवढं वळेल आणि मी जास्तीच्या दोन पाळ्या घेईन. आईला हे आवडलेलं नाही. ती सुपाशेजारी बसून बायकोच्या विड्या तपासते आणि निम्म्या उसवायला लावते.

औषधांच्या दुकानातले भाऊ, तुमचे खास आभार. शेजारच्या अक्कांनी दिलेली ताकदीची गोळी निघाली, जूनपासून चालू होती. पाकीट डॉक्टरांना दाखवलं, त्यात फॉलिक ॲसिड होतं. बंद केली.

एक विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात गोळ्या परत सुरू होतील. माझी रातपाळी संध्याकाळी सातला निघते आणि आई मी निघाल्यावर नऊला जेवते. रात्रीची गोळी नऊनंतर म्हणजे सकाळची नऊला यायला हवी, पण ती सकाळी सहाला शिळी भाकरी खाऊन मोकळी होते. मग सकाळचं खाणं पुढे ढकलायचं की रात्रीचं जेवण अलीकडे घ्यायचं?

औषधांच्या दुकानातून

रात्रीचं अलीकडे घ्या. तुम्ही निघायच्या आधी साडेसहाला दोघं बरोबर जेवा, गोळी तेव्हाच. सकाळी सहाला भाकरी खाल्ली की लगेच सकाळची. बारा तासांना थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं. सुरू करायच्या दिवशी एकदा दवाखान्यात फोन करून हीच वेळ सांगून ठेवा.